पावट्यांवर आळ

४ जानेवारी १९३६, शनिवार
नवं वर्ष, नवी वही. आज नेसताना निऱ्या कमी पडल्या. लुगडं तेच, नऊवारी, नेसणारी तीच. सोडून पुन्हा नेसले, तरी कमी. कापड आटलंय. दुपारी पोलक्याची खालची गुंडी लागेना. तेही आटलं. धोबी उकळत्या पाण्यात टाकतो, त्याला दम द्यायचा.
ह्यांना सांगितलं. हे रेल्वेत गुड्स क्लार्क, त्यामुळे सगळ्या गोष्टींचं वजन करून बोलतात. म्हणाले, कापड आटतं तसं माणूस फुगतंही.
रात्री सायंटिफिक विचार केला. पोट सकाळी बरं असतं, संध्याकाळी नगाऱ्यासारखं ताणतं. म्हणजे वायू. वायूचं कारण पावटे. आंबी गावच्या भिमाजी पाटलाने ह्यांना पोतंभर पाठवलेत, आणि घरात आठवडाभर पावट्याची उसळ, पावट्याचा भात, पावट्याची आमटी. उद्यापासून पावटे बंद. गरम पाणी, ओवा, हिंग. पंधरा दिवसांत पूर्वीची फिगर.

५ जानेवारी
पावटे खाल्ले. सासूबाईंनी सोलले होते. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवत नाही. दोनदा मोडवलं नाही.

९ जानेवारी
सासूबाईंनी आज विचारलं की या महिन्यातही तुला कावळा शिवला नाही का. आमच्या घरात बाई तीन दिवस बाहेर बसली की ते मांजरालाही कळतं, आणि बसली नाही तर सासूबाईंना. मी स्पष्ट सांगितलं, आता ते संपलं. अडतीस म्हणजे जरा लवकरच, पण माझं सगळंच लवकर झालं. चौदाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत इंदू, तिशीत केस पांढरे. सुटले एकदाची. वाईट एवढंच वाटतं की महिन्यातून तीन दिवस निवांत वाचायला मिळायचं, ते गेलं.
सासूबाईंनी माझ्या भातावर आणखी एक पळी तूप वाढलं. या घरात पोट सुटणार नाही तर काय.

१३ जानेवारी
संक्रांतीसाठी इंदू आली. आमची एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी तळेगावात दिली. जावई अनंतराव शाळेत मास्तर, स्वभावाने गरीब, इतके की घरात आहेत की नाहीत ते कंदील घेऊन बघावं लागतं. विहीणबाई मात्र चार खोल्या भरून उरतात. निघताना त्यांनी इंदूला सांगितलं की या वेळी गोड बातमी घेऊनच ये, नाहीतर आम्हाला काहीतरी विचार करावा लागेल. त्यांचा विचार वडगावात राहतो. नात्यातली आहे, सतरा वर्षांची.
इंदू हे सगळं भाजी चिरता चिरता बोलली, जणू भाजीचाच भाव सांगतेय. मी म्हटलं, मी बसलेय इथे. कार्तिकात हिला घेऊन कार्ल्याला एकवीरेला गेले होते, दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो आणि मी नवस बोलले की आई, आमच्या घरात पाळणा हलू दे, तुला चांदीचा पाळणा वाहीन. देवी इतक्या स्पष्ट मागणीकडे दुर्लक्ष करणार नाही.

१६ जानेवारी
इंदू दुपारी झोपते, कमी जेवते, कुणी बोललं की दचकते. लक्षणं उत्तम. या बाबतीत माझी नजर चुकत नाही. गेल्या वर्षी स्टेशनमास्तरीणबाईंचं त्यांच्या आधी मला कळलं होतं. इंदू म्हणते, अगं तसं काही नाही. पहिलटकरणीला काय कळतंय. बाजारातून चिंच, आवळे, बोरं आणली. डोहाळे पुरवलेच पाहिजेत.

१९ जानेवारी
इंदू चिंच खात नाही. पैशाची वस्तू वाया कशी घालवायची? मी संपवली. आवळेही. मिठाबरोबर बरे लागले. उद्या तिच्यासाठी पुन्हा आणायचे.
एक नोंद: आमची भांडीवाली धोंडाबाई मागचं अंगण सारवायला लाल माती भिजवते, तिचा वास यंदा फार चांगला येतोय. थोडी जिभेवर ठेवून पाहिली. सहजच.

२२ जानेवारी
चहाची पूड बदलली आहे. घोटभर घेतला आणि मोरीकडे धावले. दुकानदार जुनीच आहे म्हणतो. तेलही खवट निघालं, फोडणी पडली की पोट ढवळतं. घरात बाकी कुणालाच काही जाणवत नाही. या घरातल्यांची नाकं अगदीच साधारण.
नवा प्रोग्राम: रोज पहाटे वलवणच्या धरणापर्यंत फिरणं.

२३ जानेवारी
धरणाच्या दिशेने निघाले. बाजारात चिक्कीची भट्टी नुकतीच पेटली होती. गूळ कढत होता. व्यायामाआधी शरीराला काहीतरी आधार लागतोच. आधार घेतला. मग चालवेना. टांग्याने घरी.

२७ जानेवारी
फिरणं हा व्यायाम नव्हेच. आजपासून सूर्यनमस्कार, बारा. पहिला उत्तम झाला. दुसऱ्यात जमिनीला कपाळ टेकलं आणि तिथेच डोळा लागला. इंदूने चादर घातली म्हणे. उठले तेव्हा गालावर चटईची नक्षी. हल्ली बसल्या जागी झोप येते. मासिकातले लेखही नीरस झालेत.

३१ जानेवारी, रथसप्तमी
भगिनी मंडळाचं हळदीकुंकू. मी मंडळाची सेक्रेटरी, वय अडतीस, मंडळाच्या दप्तरी चौतीस. माझं भाषण होतं: ‘गृहिणीचे शरीरसौष्ठव व जिभेवर ताबा’. आठवडाभर तयारी केली होती. पोलक्याच्या दोन गुंड्यांच्या जागी टाचण्या, वर शालजोडी. उभी राहिले, ‘भगिनींनो, पोट हे आपण स्वतः बनवतो’ एवढं म्हटलं आणि मागून कुणीतरी अत्तरदाणी आणली. तो वास! तोंडाला पदर लावून मागच्या दाराने बाहेर. केळीच्या बुंध्याशी सगळं निघालं.
परत आले तर टाळ्या चालल्या होत्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, मंडळाच्या इतिहासातलं सर्वात मुद्देसूद भाषण.
वायू डोक्यात चढला की असं होतं.

५ फेब्रुवारी
धोंडाबाई कुसगावहून येते. आज माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, काहीतरी आगाऊ बोलणार. तर म्हणाली, “वैनी, ह्यो वारा न्हाई. दिष्ट हाय. लय वंगाळ दिष्ट. भाषान केलं नव्हं तुमी?” मला पटलं. मंडळात माझ्यावर जळणाऱ्या कमी नाहीत. तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. तो धूर घशात गेला आणि मी पुन्हा मोरीत. धोंडाबाई म्हणाली, बगा, निगाली.
निघाली होती म्हणून दुपारी नीट जेवले. संध्याकाळी नेसताना पुन्हा निऱ्या कमी. दुसऱ्या कुणाचीतरी लागली असणार.

११ फेब्रुवारी
मंडळाचा ग्रुप फोटो. तीन वर्षं मी पुढच्या रांगेत, अध्यक्षीणबाईंच्या उजव्या हाताला बसते. फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि जरा मागे उभ्या राहता का असं विचारलं. मागे गेले. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी पामची कुंडी आणवून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, कंपोझिशन चांगलं येतं.
घरी येऊन दार लावून आरशासमोर उभी राहिले. समोरून, बाजूने. लग्नात माझी कंबर दोन पंजांत मावायची, हे सासूबाईच सांगतात, आणि त्या उगाच कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत. आता बाजूने पाहिलं की कुणीतरी दुसरीच बाई माझं मंगळसूत्र घालून उभी आहे असं वाटतं. छाती दुखते, पोलकं काढलं तरी दुखते. बांगड्या साबण लावल्याशिवाय निघत नाहीत. रडले. कारण नव्हतं. फोटोचं एवढं काय.
उद्यापासून कडक डाएट.

१२ फेब्रुवारी
डाएट शिवरात्रीपासून. उपासाच्या दिवशी सुरुवात केलेली बरी.
आनंदाची गोष्ट: इंदूची बाहेर बसायची तारीख टळलीय. मी रोज नजर ठेवून आहे. देवी पावली. विहीणबाईंचा विचार वडगावातच राहू दे. मी पहिल्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंतचं टाईमटेबल करायला घेतलंय. इंदू म्हणते, चार दिवस पुढेमागे होतंच, उगाच गाजावाजा नको. चेहरा मात्र उजळलाय तिचा. काल गुणगुणत होती.

२१ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपास. साबुदाणा, वरी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, खजूर. नेहमीपेक्षा जास्त जेवण झालं. पण सगळं उपासाचं.
डाएट होळीनंतर.

२६ फेब्रुवारी, बुधवार
जे झालं ते क्रमाने लिहिते.
स्टेशनाच्या पलीकडे नव्या लेडी डॉक्टर आल्यात, मिस आवासकर. इंदूची पक्की खात्री करून घ्यावी आणि तशीच गोड बातमी तळेगावला कळवावी म्हणून तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी इंदूला आत नेऊन तपासलं. बाहेर येऊन म्हणाल्या, दिवस नाहीत, थोडं पुढे गेलंय इतकंच. तब्येत मात्र ठणठणीत, कसला दोष नाही. पुढच्या वेळी यजमानांना पाठवा, त्यांनाही कुणा डॉक्टरने तपासायला हवं.
मी म्हटलं, माझी नजर चुकत नाही, पुन्हा बघा. बोलताना फिनाईलचा वास आला, आणि पुढचं सगळं त्यांच्या तामचिनीच्या भांड्यात.
त्यांनी पाणी दिलं. कधीपासून, असं विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं: पावटे, धोबी, चहाची पूड, दृष्ट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटचं बाहेर कधी बसलात ते विचारलं. मी म्हटलं, माझं ते संपलं, आता राहिला तो नुसता वायू. त्यांनी मलाही आत नेलं. हात धुता धुता म्हणाल्या, “बाई, हा वायू सप्टेंबरात रडायला लागेल.”
मला समजलं नाही. खरंच समजलं नाही. मागे वळले तर इंदू दारात उभी. तिला समजलं होतं.
टांग्यात बसल्यावर नवस आठवला. नवस बोलताना मी नाव सांगितलं नव्हतं. आमच्या घरात, एवढंच म्हटलं होतं. दोघी शेजारी शेजारी उभ्या. देवी तरी काय करणार?

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी
मिस आवासकर वयाने फार लहान आहेत. भिंतीवरची पदवीची चौकट नवी कोरी होती, आणि तिच्यावरची तारीख मला काही दिसली नाही. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं. तोवर हे वायूच.
सासूबाईंना नुसतं सांगून पाहिलं. त्यांना संक्रांतीच्या आधीपासून माहीत होतं. म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणे, तू इतकी खात्रीने वायू म्हणत होतीस, तुला कशाला दुखवायचं. आणि यात लाजायचं काय, आमचा धाकटा, तुझा दीर, तुझ्या इंदूपेक्षा सहा महिन्यांनी लहान आहे.
हे आठवून बरं वाटायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी
सकाळी इंदूला कावळा शिवला. मागच्या पडवीत कांबळं टाकून बसली. माझं टाईमटेबल चुलीत घातलं.
दिवसभर तिच्यासमोर जायचा धीर होईना. पोरगी तीन वर्षं ज्या एका गोष्टीसाठी बोलणी खातेय, ती आईला झाली, आणि आई ती पावट्यांच्या नावावर खपवत होती. शिवाय भीती. इंदूच्या पाठची दोन झाली, दोन्ही वर्षाच्या आत गेली. त्यानंतर या विषयावर मी माझ्या पोटाशी बोलणंच सोडलं होतं.
दुपारी तिचं ताट घेऊन गेले, दुरून सरकवलं. तिने भात कालवला आणि म्हणाली, “आई, तुझं बाळंतपण कोण करणार?”
मी म्हटलं, सासूबाई आहेत, धोंडाबाई आहे.
“आजीला धड दिसत नाही. धोंडाबाई दृष्ट काढेल. मी करते. मला ठेवून घे.”
मी म्हटलं, किती दिवस? ती म्हणाली, होईपर्यंत, आणि वर सव्वा महिना. तिने आधीच हिशेब केला होता. मग ताटाकडे बघतच म्हणाली, “तिकडे सकाळी उठल्यावर त्या माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. पोटाकडे बघतात. रोज.”
मी म्हटलं, आणि इथे आता सगळं गाव माझ्याकडे बघेल.
“तेच तर म्हणतेय मी,” इंदू म्हणाली.
मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. शिवाशिव झाली. तिचा खांदा हाडकुळा लागला हाताला. इतके दिवस मी तिला कोणते डोहाळे पुरवत होते देव जाणे. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं. बंबात पेटतं लाकूड सरकवलं, माझ्या अंघोळीसाठी.

१ मार्च, रविवार
जावई इंदूला न्यायला आले. त्यांच्यासाठी मी एक कडक भाषण तयार केलं होतं, त्यात विचार हा शब्द पाच ठिकाणी होता. पहिलंच वाक्य बोलले आणि रडू आलं. हल्ली कशानेही येतं. अनंतराव इतके घाबरले की उभेच राहिले. इंदू त्यांना विहिरीकडे घेऊन गेली. बराच वेळ बोलत होती. ते ऐकत होते. परत आले ते कानापर्यंत लाल. जमिनीकडे बघत म्हणाले की पुण्याला एका डॉक्टरांकडे जाऊन येतो, आईला सांगायची गरज नाही. आणि आईला असं सांगतो की तुमची प्रकृती नाजूक आहे, इंदूची इथे गरज आहे. मग म्हणाले, आई हसेल तुम्हाला.
हसू दे. हसण्यात गुंतल्या की विचार करायला सवड मिळणार नाही.
दर रविवारी येतो म्हणाले. निघताना इंदू त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली आणि दोघं तिथेच उभे राहिले. पुढची गाडी पकडली त्यांनी.
आता एक मात्र ठरलं. गुढीपाडव्यापर्यंत तळेगाव सोडून ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जाता कामा नये. धोंडाबाईला शपथ घातली आहे. मंडळात शालजोडी. पुरुषांपैकी जावयांना कळलंच, आता फक्त ह्यांना सांगायचं, तेही योग्य शब्दांत, थोडक्यात, त्यांनी कुणाला सांगू नये अशी ताकीद देऊन. उद्या सकाळी.

२ मार्च
सांगितलं नाही. ह्यांना घाई होती. मलाही नव्हती असं नाही.

३ मार्च, मंगळवार
सकाळी हे दाढी करत होते. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर फेस. दार लोटून घेतलं आणि म्हटलं, सप्टेंबरात आपल्या घरात मूल येणार आहे.
“इंदूला?” ह्यांनी विचारलं.
नाही म्हटलं.
ह्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला. “मग कुणाला?”
खोलीत आम्ही दोघंच होतो. हे आरशातून माझ्याकडे बघत राहिले. मग वळून बघितलं, नुसतं, सरळ, तोंडाकडे. ताकीद द्यायची राहून गेली. ह्यांनी वस्तरा खाली ठेवला, टॉवेलने फेस पुसला, कोट-टोपी चढवली आणि गेले.
अर्ध्या दाढीने गेले. मालधक्क्यावर हमालांनी विचारलं, बाबूसाहेब, तोंडाला काय झालं? ह्यांनी खरं ते सांगितलं. हमालांनी गार्डाला, गार्डाने स्टेशनमास्तरांना, त्यांनी बायकोला. दुपारी तीनला अध्यक्षीणबाई अभिनंदनाला आल्या. त्यांच्या मागे मंडळातल्या सातजणी. फोटोतली ती कुंडी आता लक्षात आली म्हणाल्या. पाडव्यापर्यंतचा प्रोग्राम असा दुपारच्या चहापर्यंत संपला.
संध्याकाळी हे आले. अजून अर्धी दाढी. हातात पेढ्यांचा पुडा. शेरभर घेतले होते, वाटेत सगळ्यांना देत देत आले. पुड्यात नुसता चुरा उरला होता.
तो मी तिथेच उंबऱ्यात उभ्याने खाल्ला. कागद झटकून खाल्ला. इंदूने विचारलं, आई, एवढी भूक लागली?
नाही म्हटलं. “डोहाळे लागलेत.”